घरबसल्या एम.ए. : फी भरण्याआधी काय पाहाल?



आंब्याच्या पेट्या रवाना झाल्या, मुलांचे निकाल लागले, की आमच्या मालगुंडात बायकांच्या बोलण्यात एक विषय हमखास निघतो. ‘मुलांचं मार्गी लागलं, आता आपणही काहीतरी करावं म्हणते.’ हे ‘काहीतरी’ म्हणजे बहुतेक वेळा एम.ए. असतं. बी.ए. होऊन लग्न झालं, मग पाळणा, मग सासूबाईंचं आजारपण, आणि मधली दहा-बारा वर्षं कुठे गेली ते कळलंच नाही, ही कथा माझ्या ओळखीतल्या कितीतरी जणींची. रत्नागिरी काही परदेशात नाही, आरे-वारेच्या रस्त्याने पंचवीस-तीस किलोमीटर. पण रोजची जायची एस.टी., यायची एस.टी. आणि मध्ये अख्खं घर, हे गणित काही जमत नाही. मग ‘ऑनलाइन करू या की’ इथे गाडी येते.

दोन वर्षांनी विचारावं, तर एखादी खुलून सांगते, पुस्तकं काढून दाखवते, पुढे काय करणार तेही बोलते. दुसरी मात्र हळूच विषय बदलते. फारच खोदून विचारलं तर म्हणते, ‘माझ्याच्यानं झालं नाही बाई.’ घरातली मंडळीही मान डोलावतात. ‘सांगितलं होतं ना, चिकाटी लागते!’ फीचे पैसे गेले ते गेलेच, पण त्याहून मोठं नुकसान म्हणजे ती बाई पुन्हा पुस्तकाला हात लावीत नाही. अपयश कायमचं तिच्या नावावर लिहिलं जातं.

मला विचाराल तर हे सरसकट तिच्या नावावर लिहिणं अन्यायाचं आहे. समाधान काही एकट्या चिकाटीवर ठरत नाही. ते अभ्यासक्रम कसा आहे आणि तिकडून कोणी उत्तर देतं की नाही, यावर फार अवलंबून असतं. आणि ही गोष्ट फी भरण्याआधी बरीचशी तपासून पाहता येते. आजचं हे लिखाण त्यासाठीच.

हे काही आजचं नाही

घरी राहून शिकणं ही इंटरनेटने आणलेली नवलाई आहे असं समजू नका. महर्षी कर्व्यांनी १९१६ साली महिला विद्यापीठ सुरू केलं. घरसंसारात असलेल्या बाईलाही शिकता यावं, ही ओढ महाराष्ट्रात तेव्हापासूनची. दिल्ली विद्यापीठाने १९६२ साली टपालाने शिकवायला सुरुवात केली आणि मुंबई विद्यापीठाने १९७१ साली. पोस्टमनने आणलेल्या जाडजूड पाकिटातून धडे वाचून पदवीधर झालेली माणसं तुमच्याही नात्यात सापडतील. १९८५ साली इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ, म्हणजे आपलं इग्नू, स्थापन झालं. १९८९ साली नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आलं. राम ताकवले हे त्याचे पहिले कुलगुरू आणि ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे त्याचं ब्रीद. पुढे २०१७ साली केंद्र सरकारने ‘स्वयम्’ सुरू केलं. त्यात मोबाइलवर व्याख्यानं बघता येतात, सोबतचं साहित्य वाचता येतं, छोट्या चाचण्या देता येतात आणि शंका विचारायलाही जागा असते. शिकण्याचे पैसे पडत नाहीत, प्रमाणपत्र हवं असेल तर परीक्षेची फी भरायची.

म्हणजे दारापर्यंत गंगा आली, यात वाद नाही. पण दारापर्यंत आलेलं पाणी आणि घोटभर प्यायलेलं पाणी यांत फरक असतोच ना?

हा फरक किती मोठा असतो ते पाहा. अमेरिकेतल्या हार्वर्ड आणि एम.आय.टी. ह्या दोन नामांकित संस्थांनी मिळून जगभरच्या लोकांसाठी ऑनलाइन अभ्यासक्रम काढले. २०१९ साली त्यांचा हिशेब प्रसिद्ध झाला. २०१७-१८ मध्ये त्यांत नाव घालणाऱ्या शंभर जणांपैकी शेवटपर्यंत पोचले ते जेमतेम तीन! प्रमाणपत्रासाठी पैसे भरलेल्यांमध्येसुद्धा निम्म्याहून कमीच. आता हे सगळे काही आपल्यासारखे चूल सांभाळणारे नव्हते, आणि सगळेच काही आळशीही नसणार. तेव्हा अर्ध्यावर सुटलं म्हणून स्वतःला कोसायच्या आधी हा आकडा आठवावा.

समाधान कशाने येतं?

ह्या विषयाचा अभ्यास करणाऱ्यांनी एक सोपी विभागणी करून ठेवली आहे. मायकेल मूर नावाच्या शिक्षणतज्ज्ञांनी १९८९ साली सांगितलं, की दूर राहून शिकणाऱ्याचे संबंध तिघांशी येतात : एक अभ्यासाच्या मजकुराशी, दुसरा शिक्षकाशी आणि तिसरा बरोबरीच्या विद्यार्थ्यांशी. त्यांचं आणखी एक म्हणणं मला फार पटतं. शिकणारा आणि शिकवणारा यांच्यातलं खरं अंतर मैलांत मोजायचं नसतं, ते संवादावर ठरतं. वर्गात पहिल्या बाकावर बसूनही मास्तर कोसो दूर असू शकतात, हे आपण सगळ्यांनीच अनुभवलं आहे, नाही का?

मग ह्या तिघांतलं समाधान जास्त कोण देतं? २०१३ साली यू-चुन कुओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या ऑनलाइन शिकणाऱ्या पदवी आणि पदव्युत्तर विद्यार्थ्यांना हेच विचारलं. पहिला नंबर लागला मजकुराचा. धडे नीट लिहिलेले असले, काय करायचं ते स्पष्ट असलं, तर विद्यार्थी समाधानी. त्यापाठोपाठ शिक्षकाशी होणारा संवाद. आणि तिसरी गोष्ट म्हणजे इंटरनेट आपल्याला वापरता येतं हा विश्वास. बरोबरीच्या विद्यार्थ्यांशी गप्पा आणि अभ्यासातली शिस्त यांचा मात्र समाधानाशी म्हणण्यासारखा संबंध त्यांना दिसला नाही.

शिस्तीचं वाचून मी थोडी चमकलेच. पण विचार केला तर पटतं. पास व्हायला शिस्त लागतेच लागते, त्यात शंका नको. पण पहाटे चारला उठून अभ्यास केला म्हणून रटाळ धडा गोड होत नाही, आणि महिनोन्‌महिने उत्तर न देणारी संस्था बोलकी होत नाही. उलट जी जास्त शिस्तीने राबते तिलाच वाईट जास्त वाटतं. हा अभ्यास उन्हाळी सुट्टीतल्या छोट्या वर्गांचा होता. आपल्याकडे दोन-दोन वर्षं चालणाऱ्या अभ्यासात मैत्रिणींचा उपयोग जास्त होतो असं माझं मत आहे. पण तो बातम्या कळण्यासाठी : फॉर्मची तारीख, परीक्षेचं केंद्र, कुठलं पुस्तक कुठे मिळालं. शंभर जणींच्या ग्रुपवर सकाळ-संध्याकाळ ‘शुभ प्रभात’ येत असेल, तर त्याला अभ्यास म्हणू नये.

तपासलेली वही

शिक्षकाच्या उत्तराला एवढं महत्त्व का, हे कुठल्याही शाळेत शिकवणाऱ्या बाईला सांगायला नको. मी अर्धवेळ शिकवते. निबंधाच्या वह्या वेळेवर तपासून दिल्या तर पुढचा निबंध मुलं मन लावून लिहितात. दोन आठवडे वह्या कपाटात राहिल्या, की पुढचा निबंध अर्ध्या पानाचा होतो. आणि नुसती बरोबरची खूण केली तर वही फटकन मिटली जाते. समासात एक ओळ लिहिली, ‘समुद्राचं वर्णन छान, पण शेवट घाईत केलास’, की तेच पोर मान वर करून बघतं. आपलं कोणीतरी वाचलं, एवढंच त्याला हवं असतं.

मोठ्या माणसाचं मन काही वेगळं नसतं. एम.ए. करणारी बाई रात्री भांडी आवरून दहा-बारा पानं लिहिते. ती पानं कुठल्या केंद्रात जमा होतात आणि काही महिन्यांनी मोबाइलवर नुसता एक आकडा उमटतो. कशाचे गुण गेले, काय चांगलं होतं, काही कळत नाही. ओळखीतल्या एकीने मला सांगितलं, ‘विहिरीत दगड टाकावा आणि आवाजच येऊ नये, तसं वाटतं गं.’ तिची संस्था कोणती ते इथे महत्त्वाचं नाही, असे अनुभव पुष्कळ ठिकाणचे असतील. पण तिने अभ्यास सोडला तो कंटाळा केला म्हणून नव्हे, हे मी छातीठोकपणे सांगेन.

मजकुराचंही तसंच. स्वीडनचे बर्ये होल्मबेर्ग यांनी टपाली शिक्षणाच्या काळातच सांगून ठेवलं होतं, की दूरच्या विद्यार्थ्यासाठी लिहिलेला धडा हा समोर बसून बोलल्यासारखा असावा. वाचणारीच्या मनात कुठे शंका येईल ते ओळखून तिथेच थांबावं, उदाहरण द्यावं, एखादा प्रश्न विचारावा. चांगली पाककृती असते ना, ‘इथे पाणी जास्त वाटेल, घाबरू नका’ असं सांगणारी, अगदी तस्सं.

फी भरण्याआधी चार प्रश्न

साडी घेताना आपण पदर उलगडून बघतो, मग हजारो रुपयांचा आणि दोन वर्षांचा सौदा डोळे मिटून का करायचा?

१. पदवीला मान्यता आहे का? सप्टेंबर २०२२ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने स्पष्ट केलं, की मान्यताप्राप्त विद्यापीठाची दूरस्थ किंवा ऑनलाइन पदवी ही रोज कॉलेजात जाऊन घेतलेल्या पदवीच्या बरोबरीची मानली जाईल. पण ‘मान्यताप्राप्त’ हा शब्द विसरू नका. आयोगाच्या दूरस्थ शिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर कोणत्या विद्यापीठाला, कोणत्या वर्षी, कोणत्या अभ्यासक्रमाची परवानगी आहे याची यादी असते. विद्यापीठाचं नाव असलं तरी आपला विषय त्यात आहे का, हेही बघा. वैद्यक, नर्सिंग, इंजिनिअरिंग, वकिली असल्या पदव्या ह्या पद्धतीने घेता येत नाहीत. कोणी देतो म्हणाला तर दोन हात दूरच राहा. आता प्रवेशासाठी ‘डेब आयडी’ नावाचा क्रमांकही काढावा लागतो. तो विद्यार्थिनीने स्वतः काढायचा असतो, त्याचे वेगळे पैसे मागणाऱ्याला देऊ नका.

२. धडे मला वाचवतात का? समाधानात पहिला नंबर मजकुराचा, तेव्हा हे आधीच बघायचं. इग्नूची पुस्तकं ‘ई-ज्ञानकोश’ ह्या संकेतस्थळावर कोणालाही फुकट वाचता येतात. ज्या विषयाचा एम.ए. करायचा त्याचा एक धडा उघडा आणि दोन दुपारी बसून पुरा वाचा. भाषा झेपते का, रस वाटतो का, ते तिथेच कळेल. इंग्रजी माध्यम असेल तर हे फारच जरुरीचं. अडखळलात तरी हरकत नाही, पण धडा संपल्यावर पुढचा उघडावासा वाटला पाहिजे. ‘स्वयम्’वरचा आपल्या विषयाचा एखादा अभ्यासक्रमही असाच काही आठवडे करून पाहावा. पैसे जात नाहीत आणि आपल्याला इंटरनेट हाताळता येतं हा धीर येतो. तो तिसऱ्या नंबरचा समाधानाचा भाग आयताच पदरात पडतो.

३. उत्तर येतं का? हा सगळ्यांत मोठा प्रश्न, आणि तपासायला सगळ्यांत सोपा. प्रवेश घेण्याआधी अभ्यासकेंद्राला एक साधा प्रश्न ई-मेलने विचारा : लिहिलेले स्वाध्याय तपासून परत मिळतात का? किती दिवसांत? त्यावर शेरा असतो का? संपर्कवर्ग किती आणि कुठे? मग कॅलेंडरवर खूण करून ठेवा. आठवड्यात नीट उत्तर आलं तर पुढे चला. आलंच नाही तर फोन करा. फोनवरही टोलवाटोलवी झाली तर दुसरं केंद्र किंवा दुसरं विद्यापीठ बघा. फी घ्यायच्या आधी जे उत्तर देत नाहीत ते नंतर देतील अशी आशा कशाला करायची? त्याच केंद्रातून आधी शिकून गेलेल्या दोघींशी बोललात तर सोन्याहून पिवळं. त्यांना ‘बरं आहे का?’ असं विचारू नका, ‘तुझा स्वाध्याय परत आला का?’ असं विचारा.

४. परीक्षा कधी आणि कुठे? इग्नूच्या सत्रान्त परीक्षा जून आणि डिसेंबरमध्ये असतात आणि स्वाध्याय वेळेत दिल्याशिवाय त्या विषयाच्या परीक्षेला बसता येत नाही. आता आपल्याकडचा जून आठवा : मृग लागलेला, पेरण्या सुरू, लाकूडफाटा आत घ्यायची घाई, शाळा उघडलेल्या. मे महिना आंब्यात आणि पाहुण्यांत गेलेला. जूनला चार पेपर द्यायचं ठरवलंत तर घर आणि अभ्यास दोन्हीकडे कुतरओढ होईल. त्यापेक्षा डिसेंबरला जास्त आणि जूनला कमी, अशी वाटणी करावी. दोन वर्षांचा एम.ए. चार वर्षांपर्यंत पुरा करायची मुभा असते. तीन वर्षं लागली तर पदवीवर काही कमीपणाचा शिक्का पडत नाही.

रेंज, लाईट आणि आपला कोकणातला पाऊस

२०२० साली टाळेबंदीत कोकणातल्या मुलांनी रेंजसाठी डोंगर गाठल्याच्या बातम्या तुम्हीही वाचल्या असतील. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ किनाऱ्यावरून गेलं, तेव्हा ठिकठिकाणी झाडं आणि विजेचे खांब पडून गावंच्या गावं अंधारात बसली. आता पूर्वीपेक्षा बरं आहे, तरी पावसाळ्यात लाईट जाणार हे धरूनच चालावं.

म्हणून सतत चालू इंटरनेटवर अवलंबून असलेला अभ्यास आपल्या कामाचा नाही. धडे उतरवून ठेवता येतात का, हे विचारून घ्या. रेंज चांगली असेल त्या वेळी आठवड्याची व्याख्यानं आणि पुस्तकाची पानं मोबाइलमध्ये साठवून ठेवावीत. महत्त्वाचे धडे सरळ कागदावर छापून घ्यावेत. झेरॉक्सचा खर्च होतो, पण कागदाला चार्जिंग लागत नाही. ‘स्वयम् प्रभा’ ह्या नावाने सरकारच्या शैक्षणिक वाहिन्या दूरदर्शनच्या फुकट डिशवरही दिसतात, त्याही एकदा लावून बघा. स्वाध्याय पाठवायचा असेल तर शेवटच्या तारखेच्या आठ दिवस आधीचीच तारीख आपली शेवटची मानावी. आणि पाठवल्यावर येणारी पोच, पावती, क्रमांक, सगळं एका वहीत लिहून ठेवावं. रेशनकार्ड जपतो तसं हे कागद जपा.

बसायला जागा हाही प्रश्न असतोच. घरात शांतता नसेल तर गावातलं ग्रंथालय आपल्यासाठीच आहे. आमच्या मालगुंडात केशवसुतांच्या जन्मगावी १९९४ साली स्मारक उभं राहिलं, तिथेही पुस्तकांची सोबत आहे. तुमच्या गावीही असं एखादं ठिकाण असेल. आठवड्यातून दोन दुपारी तिथे जाऊन बसा. घरी बसलेली बाई मोकळी समजली जाते, बाहेर गेलेली बाई कामात आहे असं सगळ्यांना पटतं!

घरच्यांना काय सांगाल?

‘मला अभ्यासाला मदत करा’ असं मोघम सांगितलं तर सगळे हो म्हणतात आणि कोणी काही करत नाही. नेमकं सांगावं. ‘मंगळवारी आणि शुक्रवारी रात्री आठ ते दहा मी पुस्तक घेऊन बसणार. त्या दिवशी भाकरी आधी करून ठेवीन, पण वाढणं आणि मागचं आवरणं तुमच्याकडे.’ दोनच दिवस मागा, पण ते सोडू नका. त्या दिवशी पाहुणे आले तर चहा नवऱ्याने करावा, साखर थोडी जास्त पडली तरी पाहुणे काही परत जाणार नाहीत.

सासूबाईंना अभ्यासाचं वाचून दाखवलेलं फार चालतं, बरं का! मराठी साहित्य किंवा इतिहास असा विषय असेल तर त्यांच्या आठवणी तुमच्या स्वाध्यायाला उपयोगी पडतील आणि त्यांनाही हा अभ्यास आपला वाटेल.

अर्ध्यावर सोडलेल्या मैत्रिणीला

शेवटी, जिने पूर्वी एकदा नाव घातलं आणि सोडलं, तिच्यासाठी दोन शब्द. एक कागद घ्या आणि त्याचे तीन भाग करा. पहिल्यात लिहा, अभ्यासक्रमाचं काय चुकलं : पुस्तकं उशिरा आली, शेरे मिळाले नाहीत, फोन कोणी उचलला नाही. दुसऱ्यात लिहा, घरचं काय आडवं आलं : आजारपण, लग्नकार्य, मुलांच्या परीक्षा. तिसऱ्यात लिहा, माझं स्वतःचं काय राहिलं. प्रामाणिकपणे लिहा. तिसरा भाग तुम्हाला वाटला होता त्याहून लहान भरेल असा माझा अंदाज आहे. पहिल्या भागावर उपाय म्हणजे वर सांगितलेले चार प्रश्न. दुसऱ्यावर उपाय म्हणजे घरच्यांशी नेमकं बोलणं. तिसरा काय तो तुमच्या हातात, आणि तेवढा तुम्हाला नक्की पेलेल.

जिला नव्याने सुरुवात करायची आहे, तिने मात्र आज फॉर्म भरू नये. आज फक्त तो एक प्रश्न लिहून पाठवावा, ‘माझा स्वाध्याय तपासून परत मिळेल का?’ आणि उत्तर येईपर्यंत ई-ज्ञानकोशातला पहिला धडा वाचायला घ्यावा.